बंबात पाणी होतं

मी तांब्याचा बंब बोलतोय. बोलायची घाई आहे, कारण सोमवारी मोडवाला मला न्यायला येणार आहे. त्याआधी एक गोष्ट पोटातून बाहेर पडली नाही, तर भट्टीत वितळतानाही मला चैन पडायची नाही.

माझा जन्म कल्याणचा. तिथल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. पोटात मधोमध नळी, नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी, अशी माझी रचना. गिऱ्हाइकाला तांबट एकच गोष्ट बजावायचा, "आधी पाणी, मग काडी. कोरडा पेटवलात तर सांधे सुटतील."

एक्कावन्न सालच्या आषाढात त्र्यंबकनं मला डोंबिवलीला आणलं. तो ठाण्याच्या कचेरीत कारकून. कोपरच्या बाजूला वरच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या आणि पुढे लाकडी गॅलरी. त्याची बायको मंदाकिनी आदल्याच दिवशी, सातव्या महिन्यात, बाळंत झाली होती. मुलगी एवढीशी, की ती रडली तर शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. बाहेर पाऊस खंड म्हणून घेत नव्हता. भिंतींना ओल आलेली, दुपटी वाळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हिची ऊब तुटता कामा नये. पण खोलीत शेगडी नको, धुरानं गुदमरेल."

म्हणून मी आलो. धूर गॅलरीत ठेवायचा आणि ऊब तेवढी आत पाठवायची, हे माझं काम. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत माझं गरम पाणी भरायचे, त्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या दोन्ही अंगांना ठेवायचे. गार झाल्या की पुन्हा भरायचे.

मला बसवायचं कुठे, यावर मात्र त्र्यंबकचं समाधान होईना. डाव्या कोपऱ्यात झड येते, उजवीकडे ठेवला तर धूर आत वळतो, मधे ठेवला तर वाट अडते. कचेरीला जाण्याआधी आणि आल्यावर तो मला हलवायचा. उचलायला जड म्हणून तोटी सोडून रिकामं करायचा, दोन हात सरकवायचा, पुन्हा भरायचा. मला वैताग यायचा. पण पोरीसाठी त्याला दुसरं काही करता येत नव्हतं हो, म्हणून माझ्यामागे लागायचा.

घरात सोयर होतं. बाळंतिणीचं आणि बाळाचं सगळं सुईण रंगूबाई बघायची. त्र्यंबकची आई विमलाबाई कडक सोवळ्याची. त्या दोघींत कामं वाटलेली. विमलाबाई सकाळी आंघोळ करून मला भरायच्या आणि स्वयंपाकघरात जायच्या. रंगूबाईचा हात बाळंतिणीला लागलेला, म्हणून तिनं पाण्याला शिवायचं नाही, झाकण उघडायचं नाही. तिनं फक्त जाळ करायचा.

सहाव्या दिवशी सकाळी विमलाबाईंनी मला काठोकाठ भरलं. मग वारा फिरला आणि पाऊस थेट माझ्यावर यायला लागला. त्र्यंबकनं लगबगीनं तोटी सोडली, सगळं पाणी वाहून जाऊ दिलं, मला भिंतीशी सरकवलं. बादली हातात घेतली, तेवढ्यात त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. गाडी चुकणार होती. बादली ठेवून तो छत्री घेऊन पळाला. आत कुणालाच याचा पत्ता नव्हता. मागून रंगूबाई आली आणि तिनं काडी ओढली.

मी तापलो, कण्हलो, सांध्यातलं कथील वितळून खाली टपकलं. रंगूबाई ओरडली, "बाय, यो बंब तं कोरडा हाय! पानीच नाय यात!"

विमलाबाई धावत आल्या. चुलीवर पातेलं चढवलं, पण ओल्या लाकडांचा नुसता धूर. आत बाटल्या गार झालेल्या. मंदाकिनी घाबरून म्हणाली, "आई, हिचे पाय बर्फासारखे लागतायत हो!"

क्षणभर विमलाबाई उंबऱ्याशी थबकल्या. मग आत गेल्या, बाळ उचललं आणि पदराखाली उघड्या छातीशी धरलं.

"अवं, शिवलात तुमी!" रंगूबाई म्हणाली.

"शिवले. पोर हातची जात्येय, सोवळं काय चाटायचंय?"

तांबटानं मला दुरुस्त करून दिलं तोवर दोन दिवस त्यांनी बाळाला खाली ठेवलं नाही. पोर वाचली. तीच ही चित्रा. आता सात वर्षांची आहे आणि जिन्यावरून धाडधाड उतरते.

पण त्या दिवशी संध्याकाळी त्र्यंबक घरी आला, तेव्हा विमलाबाईंचे डोळे भरून आले. "अरे, बंब भरल्यासारखं वाटतंय मला, पण विसरलेच असणार. माझ्या हातनं पोर गेली असती रे."

त्र्यंबकनं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवलं, मला कळलं ते. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "असू दे आई. होतं असं."

आईला त्यानं माफ केलं! माझं तांबं खवळलं, पण मला वाचा कुठली? तो माणूस वाईट नाही. घाबरला होता. एक दिवस गेला, मग महिना गेला, मग सांगायची लाज वाटायला लागली असेल.

त्या दिवसापासून विमलाबाईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला. मला भरल्यावर चार-चारदा झाकण उघडून बघतात. चित्राला त्यांनी कधी एकटीनं आंघोळ घातली नाही. "माझा भरवसा नाही गं, मी विसरते," म्हणतात. घरातले हसतात. खरं तर त्या काहीच विसरत नाहीत.

आता घरात विजेचा हीटर आलाय. आज रविवार. विमलाबाई मला चिंच लावून घासतायत, उद्या जायचंय म्हणून. घासता घासता दुरुस्त केलेल्या सांध्यावर त्यांचा हात थांबला. हळूच म्हणाल्या, "बाबा रे, तुला मी कोरडा जाळला. राग धरू नकोस."

त्र्यंबक तिथेच खुर्चीवर बसलाय. समोर पेपर धरलाय, पण पान उलटलेलं नाही. त्यानं ऐकलंय.

त्र्यंबकराव, उद्या मी गेलो की हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसेल. तुमची आई सत्तरीला आली. पेपर खाली ठेवा. तिला सांगा, पाणी होतं.