नावाची जागा

“एकदा जरी तुझा तो डबा थांबला ना कुंदन, तर मी डीजे लावनार. मंग मना काय बोलायचा नाय!”

नवऱ्या मुलाचे काका महादेवशेठ मांडवाच्या खांबाला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. त्यांच्या मागे डीजेच्या स्पीकरची भिंत उभी होती, पुरुषभर उंच. वऱ्हाडी हसले.

कुंदन त्याच खांबाजवळच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या पाठीत स्पीकरची वायर खोचत होता. न्यू पनवेलमधल्या आपल्या रिपेअरिंगच्या दुकानातून त्याने तो अख्खा कॉम्प्युटर सकाळीच रिक्षात घालून सुकापूरला आणला होता. आत होता सोनाबाईचा आवाज.

सोनाबाई ही त्याची सख्खी आत्या, आणि आज लग्न तिच्या नातीचं, रियाचं. चाळीस वर्षं ती या पट्ट्यातली धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते तो धवला म्हणजेच मंत्र. एकदा सुरू झाला की विधी संपेपर्यंत तुटू द्यायचा नाही, तुटला तर अपशकुन. तीन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनआधी ती एकटीच जुन्या पनवेलमधल्या एका स्टुडिओत गेली, सगळा धवला गायली आणि सीडी घेऊन आली. मग आवाज गेला तो गेलाच. गळ्याला भोक राहिलं, त्यातून ती श्वास घेते. त्यावर पदराचं टोक धरून बसते.

आणि ज्यांची लग्नं तिच्या गाण्याने लागली तेच बाप्ये आता म्हणत होते, “जुना झाला ते सगला.” जमिनी विकून तीन मजले चढवले की माणसाला आपल्या आईचा आवाजही गावंढळ वाटायला लागतो. महादेवशेठच्या लग्नालाही सोनाबाईच गायली होती. त्यांना आता ते आठवत नव्हतं.

सीडीवर ओरखडे पडले होते. साध्या सीडी प्लेयरवर ती मध्येच अडखळायची. कॉम्प्युटर मात्र खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून आवाज शाबूत काढायचा. कुंदनने तसा तो काढला, अजिबात कॉम्प्रेस न करता, मूळचा होता तसा. पण स्टुडिओवाल्याने धवल्याचे एकोणीस तुकडे पाडून ठेवले होते. सगळे जोडून एकच लांब फाइल करता आली असती, पण विधी पुढेमागे झाला तर नेमक्या तुकड्यावर उडी मारता यायला हवी होती. म्हणजे प्लेयरच असा हवा की जो एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना श्वाससुद्धा घेणार नाही.

महिनाभर त्याने प्लेयर चाळले. पहिला दिसायला झगमगीत, गाण्याबरोबर रंग नाचवायचा, पण दोन तुकड्यांमध्ये पाऊण सेकंद गप्प व्हायचा. साखरपुड्याला तोच लावला होता. प्रत्येक खाचेला पोरं “हिक्!” म्हणून उचकी द्यायची, आणि आत्या मान खाली घालून बसलेली. दुसरा प्लेयर एक तुकडा विझवत त्यावर दुसरा चढवायचा, त्यात ओळीचे शेवटचे शब्द खाऊन टाकायचा. तिसरा बरा होता, पण कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडलं की खरखरायचा. चौथा निघाला राखाडी, कोरा, हिशोबाच्या वहीसारखा. त्यात सांधा कुठे आला ते कुंदनच्या कानालाही कळेना.

मागच्या आठवड्यात त्याने आत्याला दुकानात बसवून तो ऐकवला. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच एके ठिकाणी गाणं चार सेकंद थांबलं. तुकड्यांचा सांधा नव्हता तो, रेकॉर्डिंगच तसं होतं. आत्याने टेबलावर बोटाने टकटक केलं. थोड्या वेळाने तसंच पुन्हा. परत टकटक, जरा जोरात.

“कळलं आत्या, इथंपण गॅप आहे. स्टुडिओवाल्याने माती खाल्लीय. मी काढतो.”

तिने मान जोरजोरात हलवली. हाताने काहीतरी दाखवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

त्या राखाडी प्लेयरमध्ये एक सोय होती. टिक केली की गाण्यातली शांतता तो आपोआप गाळायचा. कुंदनने टिक केली. आता धवला नळाच्या धारेसारखा सलग. त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता.

“चल रं, चालू कर,” मांडवातून कमळाबाईंनी हाक दिली. त्या सोनाबाईच्या मागे बसून वर्षानुवर्षं झील धरणाऱ्या, तिच्या ओळीला साथ देणाऱ्या. आज पाच बायका घेऊन पुढ्यातच बसल्या होत्या.

कुंदनने क्लिक केलं.

सोनाबाईचा आवाज मांडवभर पसरला. जाडाभरडा, ठाम, नदीच्या पाण्यासारखा न थांबणारा. पाटावर बसलेल्या रियाने मान वर केली. पहिला तुकडा संपला, दुसरा लागला. कुणाला पत्ताही लागला नाही. महादेवशेठ घड्याळ बघत होते. कुंदनचे खांदे सैल झाले.

तिसऱ्या तुकड्यात कमळाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गाणं पुढे गेलं होतं. पुढच्या कडव्याला पुन्हा तसंच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

“अगो, जागाच देत नाय ही!” कमळाबाई पुटपुटल्या.

“काय झालं?” कुंदनने वाकून विचारलं.

“नाव कुठं घ्यायचा? नवरीचा नाव! सोनाबाय थांबते नि आमी नाव घेतो. येवढी वर्सं स्पीकर लावतस, कधी आयकलास नाय?”

नव्हता ऐकला. ती थांबायची तेव्हा बायकांचा आवाज यायचा, मग त्याला खाच दिसणार कशी? बाप्यांनी हा धवला बाहेर खुर्च्यांवर पत्ते पिसतच ऐकलेला. त्याने आत्याकडे बघितलं. ती उभी राहिली होती. हवेत बोटाने टकटक करत होती. तिथे टेबल नव्हतं.

चार सेकंद. तिने मोजून सोडलेले. आपण नसू तेव्हा कुणाच्याही लेकीचं नाव त्यात बसावं म्हणून. आणि त्याने ते कचऱ्यासारखे झाडून टाकले होते.

“काय गडबड हाय?” महादेवशेठ डीजेच्या बटणाकडे सरकले. “रिया रिया कोन बोलतच नाय. कुनाचा लगीन हाय ते तरी कलू दे!”

टिक काढायला दोन सेकंद पुरतात. पण गाणं चालू असताना सेटिंग बदललं आणि प्लेयर अडकला तर? तुटला म्हणजे तुटलाच. कुंदनने सेटिंगची खिडकी उघडली. टिक काढली.

गाणं चालूच राहिलं. बदल लागू होणार होता पुढच्या तुकड्यापासून. तिसरा संपला, चौथा लागला, सांध्याचा मागमूस नाही. एक ओळ. दुसरी ओळ. मग स्पीकर गप्प झाला.

“थांबला! बोल्लो होतो मी!” महादेवशेठचा हात बटणावर गेला.

कुंदनने तो मनगटात पकडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणा मोठ्या माणसाचा हात असा धरला होता.

“काका, ती थांबलीय,” तो म्हणाला. “हात काढा.”

मांडवात सोनाबाईने तोंड उघडलं. गळ्यावर धरलेल्या पदराचं टोक आतल्या वाऱ्याने थरथरलं, दोनदा, नावात अक्षरं होती तेवढ्या वेळा. आवाज आला नाही.

“रिया,” कमळाबाईंनी आणि पाच बायकांनी म्हटलं.

पदर पुन्हा गळ्याला चिकटला, आणि स्पीकरमधून सोनाबाईने पुढची ओळ उचलली.