दोन नंबरची पेटी

कारकुनानं पेटी टेबलावर उपडी केली आणि तळाला अडकलेल्या मतपत्रिका निघाव्यात म्हणून वरून दोन थापा मारल्या. पांढऱ्या पत्रिका एका बाजूला गेल्या, गुलाबी दुसऱ्या बाजूला. गुलाबी म्हणजे राखीव जागेच्या. अंजना खुर्चीच्या कडेवर बसून गुलाबी ढिगाकडे बघत होती. तिच्या शेजारी बाळासो पाय ताणून बसला होता. तो गणपतरावांचा पुतण्या, आणि गावात गणपतरावांच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

कागलच्या कचेरीत सकाळपासून गावामागून गाव मोजून होत होतं. मुरगूडकडच्या त्यांच्या गावाचा तीन नंबरचा वॉर्ड लागायला दुपार झाली. वॉर्डाच्या दोन पेट्या. एक गावातल्या शाळेतली, दुसरी बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरातली. ही पहिली होती.

"छत्री अकरा," कारकून म्हणाला. "कपबशी सहाशे अकरा. बाद अठरा."

छत्री अंजनाची. कपबशी यल्लाप्पाची. ज्याचा चहाचा कप तीस वर्षं गणपतरावांच्या गोठ्यात वेगळा टांगलेला होता, त्याला चिन्ह मिळालं ते कपबशी. अशी चेष्टा सुचायला नशीबच पाहिजे.

"झालं की," बाळासो म्हणाला. "दुसरी उघडून काय उपेग? सगळी वस्ती मिळून दोनशे बी न्हाय."

"मोजावी लागते," कारकून म्हणाला.

जागा वस्तीची होती, पण तिच्यावर कुणाला बसवायचं ते सगळ्या वॉर्डानं ठरवायचं, असा कायदा. हा हिशेब अंजनाला पहिल्यापासून ठाऊक होता. म्हणूनच वस्तीनं वेगळी वाट काढली होती. अर्ज भरायच्या आधी सगळे विहारात जमले, चिठ्ठ्या टाकल्या, आपला माणूस आपणच निवडला. एकच अर्ज गेला तर गावाला निवडायला दुसरा कोण उरतो? चिठ्ठ्यांचा डबा धरून बसला होता यल्लाप्पा. वस्तीत सगळ्यांत वयस्कर तोच. अंजनाच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त निघाल्यावर त्यानंच उठून सांगितलं होतं, "आता दुसरा फॉर्म जायचा न्हाय. जो भरंल तो आपला न्हवं."

चार दिवसांनी दुसरा अर्ज गेला तो त्याचाच. बाळासोनं त्याला मोटरसायकलवर बसवून कागलला नेलं होतं.

यल्लाप्पा गणपतरावांचा गडी. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा, तेही त्यांच्याच उसाच्या कडेला, त्यांच्याच जागेतल्या खोपटात. नाही म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी खोपट राहिलं नसतं, हे न कळण्याइतकी वस्ती खुळी नव्हती. पण राग आला की माणसाला कळलेलंही नकोसं होतं. अंजनाचा नवरा प्रसेनजीत अर्ज मागं घे म्हणायला गेला, तर यल्लाप्पा दाराबाहेरच आला नाही. त्या दिवसापासून वस्तीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. विहारात त्याला कुणी बस म्हणेना. पिढ्यान् पिढ्या गावानं जे आपल्याला केलं तेच आपण एका म्हाताऱ्याला करतोय, असं अंजनाच्या मनात यायचं. पण तीही बोलली नाही.

कारण नुसत्या खुर्चीचा प्रश्न नव्हता. मागच्या पंचायतीत वस्तीच्या स्मशानाची निम्मी जागा गणपतरावांच्या गुऱ्हाळाला गेली, आणि त्या ठरावावर वस्तीच्याच सदस्याचा अंगठा होता. तोही गावानं निवडलेला. आता उरलेल्या निम्म्यावर डोळा होता. गेल्या साली आक्काला, म्हणजे अंजनाच्या सासूला, अग्नी दिला तेव्हा शेजारी गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं होतं. गुळाचा वास आणि चितेचा धूर एकात एक झाला होता. त्या दिवशी अंजनानं उभं राहायचं ठरवलं.

दुसरी पेटी उघडली. गुलाबी पत्रिकांचा ढीग ओंजळभरच. कारकून एकेक उलगडून छत्रीवरची फुली दाखवत गेला. छत्री. छत्री. छत्री. कपबशीसाठी ठेवलेली जागा रिकामीच राहिली.

"छत्री एकशे सत्त्याऐंशी. कपबशी शून्य. बाद न्हाय."

अंजना पुढं वाकली.

"सायेब, परत एकदा बगा की."

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "अवो बाई, समदी तुमचीच हायत. परत काय बगू?"

"तरी बगा."

त्यानं वैतागून पुन्हा मोजल्या. एकशे सत्त्याऐंशी. अंजनानं पिशवीतून मतदारयादी काढली. मतदानाच्या दिवशी समाजमंदिरात बसून तिनं येईल त्याच्या नावापुढं खूण केली होती. रात्री खुणा मोजल्या होत्या, एकशे सत्त्याऐंशीच भरल्या होत्या. तिनं बोट खाली सरकवत नेलं. एक्केचाळीस नंबर, यल्लाप्पा. पुढं खूण होती.

तिला तो दिवस जसाच्या तसा आठवला. तो आला तशी रांग बाजूला सरली. त्याला मान द्यायला नव्हे, त्याचा धक्का लागू नये म्हणून. बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागं गेला, बाहेर आला. जाताना तिच्यासमोर जरासा थांबला होता. तिनं मान वर केली नव्हती.

"त्येनं सोताला बी टाकलं न्हाय?" बाळासो खुर्चीत सरळ बसला. "आयला! म्हातारं लई पोचलेलं निघालं की!"

तो तरातरा बाहेर गेला. सगळं सोडून अंजना त्याच्या मागं धावली.

कचेरीच्या आवारात पहिल्या पेटीच्या आकड्यावरच गुलाल उधळणं चालू झालं होतं. गणपतराव जीपमध्ये पुढं बसले होते. यल्लाप्पा खाली, दाराशी उभा. टोपीवर, मिशांवर गुलाल, आणि गळ्यातला हार दोन्ही हातांनी धरलेला. बाळासोनं काकांच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवला.

"काका, वस्तीच्या पेटीत शून्य. ह्यानं सोताचं मत बी अंजनीला टाकलंय."

यल्लाप्पानं अंजनाकडं पाहिलं, मग खाली. त्याचं खोपट अंजनाच्या डोळ्यांसमोर आलं, आणि इतके दिवस जिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता ती बोलून गेली, "खोटं हाय ते. यल्लाप्पा तात्यानं न्हाय टाकलं मला."

गणपतरावांनी तिच्याकडं पाहिलं, यल्लाप्पाकडं पाहिलं, आणि ते हसायला लागले. मोकळं, पोटातून. डोळ्याला पाणी येईपर्यंत हसले.

"अरं मग बिघडलं काय?" ते म्हणाले. "तुझं मत कुणी मागितलं हुतं रं, यल्ल्या? फॉर्मवर सही मागितली हुती, ती दिलीस. तेवढी बास."

"मालक..." यल्लाप्पा म्हणाला.

"चल, बस मागं. पयल्याच सभेला त्यो स्मशानाचा ठराव हाय. दांडी मारू नगंस." त्यांनी खिशातली डबी काढली आणि चिमटीतली तंबाखू त्याच्या हातावर ठेवली, रोज कामावरून सुटताना ठेवायचे तशी.

यल्लाप्पा जीपच्या मागं चढला. फटाक्यांच्या खोक्याशेजारी अंग चोरून बसला. कुणीतरी ओरडलं, उभा ऱ्हा की, मेंबर, लोकांस्नी दिसू दे. तो उभा राहिला. जीप हलली तसा त्यानं वरचा दांडा धरला.

अंजना तिथंच उभी होती. म्हाताऱ्याला काही केलं नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तिला रडूच कोसळलं. उभ्या जन्मात यल्लाप्पा एकदाच मालकाच्या विरुद्ध गेला होता, आणि मालकाला त्याचा रागसुद्धा आला नव्हता.