गरुडाचं पीस खाली पडतं तेव्हा

टॅरिन लोन हिल बारावी पास झाली, ही बातमी तिच्या आजोबांनी पेट्रोल पंपावर सांगितली, दवाखान्यात सांगितली, चर्चच्या पायरीवर सांगितली आणि चुकून राँग नंबर लागलेल्या एका बाईलाही सांगून टाकली. बाई बिचारी म्हणाली, अभिनंदन.

आजोबांना ती लाला म्हणायची. लाकोटा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची सगळीच नातवंडं म्हणतात. लालांची चार मुलं हॅडली गावाच्या याच शाळेत गेली आणि चारातलं एकही शेवटपर्यंत टिकलं नाही. टॅरिनची आई तर दहावीतच बाहेर पडली. वर्गात कुणाचंही काही हरवलं की बाई आधी तिचं दप्तर उघडायच्या. एक दिवस ती दप्तर बाकावर तसंच उघडं ठेवून घरी चालत आली ती आलीच. त्यामुळे लालांना आता आयुष्यात एकच बघायचं राहिलं होतं. माइकवरून लोन हिल हे नाव घेतलं जावं आणि त्या नावाच्या कुणीतरी स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं. बस्स, एवढंच.

त्या दिवसासाठी त्यांनी तिला आपलं गरुडाचं पीस दिलं. पांढरं, टोकाला काळपट. व्हिएतनामच्या लढाईहून ते जिवंत परत आले तेव्हा त्यांच्या काकांनी त्यांना दिलेलं. टॅरिनच्या चौकोनी काळ्या टोपीला त्यांनी ते स्वतः बांधलं. तीनदा सोडलं, चौथ्यांदा मनासारखं बसलं. शाळेला रीतसर चिठ्ठी पाठवून विचारलंही होतं. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. लोन हिलांच्या घरात त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला गेला, कारण त्या शाळेत त्यांना 'नाही' म्हणताना आजवर कुणाची जीभ अडखळली नव्हती.

समारंभ शनिवारी, शाळेच्या मोठ्या जिममध्ये. पास झालेली साठ मुलं बाहेरच्या अरुंद बोळात आडनावांच्या क्रमाने उभी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बक्षिसांची काचेची कपाटं, आणि उकाडा असा की झग्यांच्या आत सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या. टॅरिनच्या पुढे तिची मावसबहीण जोसेट लिटल मून होती. ती गप्प बसली असती तर सूर्य पश्चिमेला उगवला असता.

"ए, इतकी ताठ उभी राहू नकोस. लोकांना वाटेल पुतळा बसवलाय, आणि कबुतरं येतील."

टॅरिन हसली. तेवढ्यात उपमुख्याध्यापक हॉफस्टेटर रांग तपासत आले. नव्या झग्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लोंबत होत्या, त्या कापायला त्यांच्या हातात कात्री होती. एका मुलीने टोपीभर चमकी लावून आईबाबांचे आभार मानले होते. तिची निसटू लागलेली चांदणी त्यांनी अंगठ्याने दाबून नीट बसवली. मग ते टॅरिनपाशी थांबले.

"हे काढ."

टॅरिनने चिठ्ठीचं सांगितलं. ते म्हणाले, चिठ्ठीबद्दल त्यांना कुणी काही बोललेलं नाही, टोपीवर काहीही चालत नाही, नियम सगळ्यांना सारखा. त्यावर जोसेट मागे वळली.

"सर, हिच्या मागे कोडी मॅकब्राइड आहे. त्याच्या टोपीवर अख्खा घोडा आहे."

"तो चिकटवलेला आहे," हॉफस्टेटर म्हणाले. "हे लोंबतंय."

आणि त्यांनी कात्री चालवली. रागाने नाही. चिठ्ठ्या कापत होते तशीच. पीस बोटांत धरायचा त्यांचा विचार असावा, पण ते निसटलं आणि हवेत दोन गिरक्या घेत फरशीवर पडलं. नंतर उचल, असं म्हणून ते पुढे गेले.

टॅरिन ते उचलायला वाकली नाही.

गरुडाचं पीस पडणं म्हणजे लढाईत माणूस पडणं. नाचाच्या मैदानात कुणाच्या पोशाखातून पीस गळलं तर तिथल्या तिथे ढोल थांबतो. युद्धावर जाऊन आलेला कुणीतरी येतो, त्याच्यासाठी गाणं म्हणतो आणि तोच ते उचलतो. तोवर बाकी कुणी त्याला हात लावत नाही, आणि ओलांडून तर मुळीच जात नाही. टॅरिन सहा वर्षांची असताना भर उन्हात तीनशे माणसं चिडीचूप उभी राहिलेली तिने पाहिली होती, एका पिसासाठी. ते लालांनी उचललं होतं.

इथे ढोल थांबला नाही. आत बँड सुरू झाला आणि रांग सरकू लागली.

ती पिसापुढे हात पसरून उभी राहिली. बोळ एवढासा, आणि तिच्या मागे अजून पंचवीस-तीस जणांचे बूट यायचे होते. जोसेट चार पावलं जाऊन थांबली. चल ना, म्हणाली. टॅरिनने मान हलवली. जोसेटची आई त्या दिवशी मांसाच्या कारखान्यातली पाळी बुडवून आली होती, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

"तू जा," टॅरिन म्हणाली.

जोसेट गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेली नसती.

कोडीने विचारलं, मी उचलून देऊ का? चांगल्या मनाने विचारलं त्याने. नको, हात लावू नकोस, असं ती इतक्या पटकन म्हणाली की त्याचा चेहरा पडला. मग तो भिंतीला घासत निघून गेला आणि त्याच्यामागून बाकीचे, कुणी हसत, कुणी वैतागत. तिने हॉफस्टेटरना हाक मारून सांगितलं, माझे आजोबा चौथ्या ओळीत बसलेत, त्यांना बोलवा. ते म्हणाले, घरच्यांना बोळात यायची परवानगी नाही.

अर्धवट उघड्या दारातून तिला स्टेजची एक पट्टी दिसत होती. वीस पावलं असतील. धावत जाऊन, हात मिळवून, परत यायचं म्हटलं तरी तेवढ्यात कुणाचा तरी बूट पडलाच असता.

"टॅरिन लोन हिल."

टाळ्या नाहीत. फक्त पंख्यांची घरघर. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आलीच नसेल, यांचं नेहमीचंच आहे, आणि थोडे लोक हसले. मग कोडी मॅकब्राइडचं नाव झालं आणि टाळ्या कडाडल्या.

आत काय झालं ते तिला नंतर जोसेटच्या आईकडून कळलं. पहिल्या हाकेला लाला उभे राहिले. दुसऱ्या हाकेलाही उभेच होते. मग काठी टेकत एकेक पायरी उतरून ते बोळाच्या दाराशी गेले. तिथल्या पोलिसाने त्यांच्या छातीवर तळवा ठेवला आणि गोरे लोक कुठल्याही लाकोटा म्हाताऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, चीफ, जागेवर जाऊन बसा. नात आत आहे, असं त्यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, सगळ्यांचंच कुणी ना कुणी आत आहे. लाला जागेवर गेले नाहीत. सगळी नावं संपेपर्यंत ते त्या दारापाशी उभे होते.

टोप्या उडाल्या, दारं उघडली, तेव्हा कुठे ते आले. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फरशीकडे, आणि दुखरा गुडघा टेकून खाली बसले. डोक्यावरची फौजेची टोपी काढून ओठांतल्या ओठांत गाणं म्हटलं. फुगे घेतलेली एक बाई 'जरा सरकता का' म्हणत त्यांच्या शेजारून गेली. त्यांनी पीस उचललं, लाल रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. हॉफस्टेटरनी लांबूनच सांगितलं, प्रमाणपत्र सोमवारी ऑफिसमधून घेऊन जा.

गाडी टॅरिन चालवत होती. झगा तिने चुरगाळून मागे टाकला होता. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली,

"लाला, एकाचाही पाय लागू दिला नाही मी."

"बघितलं मी."

"मग बरोबर केलं ना?"

लाला बाहेरच्या गवताकडे बघत म्हणाले,

"मला विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो, तू जा. पीस माझं होतं, पोरी. तुडवलं गेलं असतं तर चार दिवस उपाशी बसून मी त्याची माफी मागितली असती. ते मला येतं. स्टेजवर चालणं मला येणारं नव्हतं. ते तुलाच करायचं होतं."

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाशी टॅरिनला भांडता येत होतं.

"मला वाटलं, तुम्हाला हेच आवडेल," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुझ्या जागी मीही हललो नसतो. म्हणूनच तर वाईट वाटतं."

त्यांच्या वस्तीच्या सभागृहात मावश्या तिच्या जेवणासाठी सकाळपासून पुरीसारख्या जाड पोळ्या तळत होत्या, आणि केकवर तिचं नाव लिहिलेलं होतं. तिथे काय सांगायचं, हे टॅरिनने विचारलं नाही. लालाच म्हणाले की ते सांगतील, तिने फक्त जेवायला बसायचं. पुढे डांबर संपून कच्चा रस्ता लागला. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात आपोआप खिशावर जायचा आणि खड्डा गेला तरी थोडा वेळ तिथेच राहायचा. टॅरिनने गाडी हळू केली, आणखी हळू केली, आणि मागून येणारे सगळे हॉर्न वाजवत त्यांना ओलांडून पुढे गेले.