उंचावरची कडी

निवडणुकीचा निकाल लागला आणि खाली रस्त्यावर हॉर्न वाजू लागले. जिंकलेल्यांनी टीव्हीवर लगेच जाहीर केलं, की यापुढे मत घरूनच, मोबाइलवर द्यायचं.

"झकास! तुझंही मीच दाबून देईन," बाबा आईला म्हणाले. दोघं माझ्याकडेच राहतात.

मला शाळेतलं मतदान केंद्र आठवलं. आई मला कडेवर घेऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायची. परतताना बाबा वाटभर विचारायचे, "कोणाला दिलंस? सांग की!" ती नुसती हसायची. बाबांपासून तिने लपवलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती लपवताना आई किती खुलायची!

"मी दार लावून, आत बसून देईन," आई म्हणाली.

"तुझ्या लेकीने एका तरी दाराला कडी ठेवलीय का?"

खरंच होतं. माझं बाळ आत कोंडून घेईल या धास्तीने सगळ्या कड्या मीच काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मी आईच्या खोलीला कडी बसवली, बाळाचा हात पोचणार नाही इतकी उंच. आईने टाचा उंचावून ती लावून पाहिली.

"अगं, निवडणुकीला अजून पाच वर्षं आहेत!" बाबा बाहेरून ओरडले.

आतून ती हसली, शाळेच्या वाटेवर हसायची तशीच.