निरोगी जनावर

तार उशीवर पडली होती. वरच्या दातांची — टाळूला बसणारा गुलाबी पातळ तुकडा आणि त्याच्या कडेनं वळवलेली चकचकीत तार. तीन वर्षं मुलगी ती तोंडात घालून झोपायची, सकाळी धुऊन डबीत ठेवायची, आणि आज ती आपणहून गळून पडलेली, कोरडी… तिनं उचलायला हात पुढे केला, तर पुढे आला काळा, मधोमध चिरलेला खूर. जिभेनं चाचपून पाहिलं. खालचे दात होते. वरचे, पुढचे सगळे, नव्हतेच. नुसती टणक हिरडी. तीन वर्षं आपण दर महिन्याला दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलो ते कशासाठी, असं मनात आलं आणि तिला हसू फुटलं. ते बाहेर पडलं ते इतकं खणखणीत बें बें करत, की स्वयंपाकघरात आईच्या हातून भांडं निसटलं.

आणि आपण शेळी झालो याच्याही आधी तिला सुचलं ते हे — आता बाबा म्हणणार, हळू बोल.

बाबांचं चित्रांच्या चौकटी बनवायचं दुकान होतं, घराच्या अगदी खाली. गुण्या लावून काटकोनात लाकूड कापायचं, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, आई काचा पुसून द्यायची. कुठेही काही वाकडं दिसलं की बाबांचा हात आपोआप पुढे व्हायचा. लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरचं चित्र सरळ करून मगच ते खुर्चीवर टेकायचे. तिचे दात पुढे होते, चष्म्याची एक काडी वर जायची, खांदे पडलेले, हसणं मोठं. हात सारखा पुढे येत राहायचा. मायेनंच यायचा, हे तिला कळत होतं… कळायचं म्हणूनच तर कधी झटकता आला नाही.

आई दारात आली. पलंगावर झोपायच्या सदऱ्यात गुरफटलेली करडी शेळी, दोन बोटभर शिंगं, आडव्या बाहुल्यांचे पिवळे डोळे. आईनं चौकटीला हात टेकला. ती — शेळी, मुलगी, जे काय असेल ते — मान खाली घालून तिरकं बघायला लागली, काचेचं काही फुटलं की बघायची तशी.

"तूच ना गं?" आई म्हणाली.

तिनं खूर आपटला.

बाबा आले. मग पुढे होऊन त्यांनी तिच्या मानेवरची सदऱ्याची दुमडलेली कॉलर नीट केली, आणि मगच पलंगावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं," आई म्हणाली.

"रस्त्यानं? अशी?"

"मग कशी नेणार?"

बाबा दुकानातून चौकटी टांगायची दोरी घेऊन आले. फास सैल केला होता, गाठ मऊ होती, तिला काचू नये म्हणून त्यांनी आत रुमालही गुंडाळला होता. एवढी काळजी बघून तिचा जीव तुटला. तरी तिनं दोरी दाढांत धरली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश चावायला घेतली. नाही. येईन, पण दोरीनं नाही. बाबांनी ओढून पाहिलं. चारही पाय रोवता येतात ही गोष्ट तिला पंधरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

"राहू द्या," आई म्हणाली. "ती चालेल आपली आपण."

आणि ती चालली. चष्मा घरीच राहिला होता, पण एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा, दोघंही एकाच वेळी दिसत होते, शिवाय पुढचा सगळा रस्ता. आई काळजीनं, बाबा शरमेनं… की उलट? औषधांच्या दुकानातला माणूस पायरीवर येऊन बघू लागला तसे बाबा चार पावलं पुढे निघून गेले.

"खांदे मागे घे," आई सवयीनं म्हणाली, आणि स्वतःच तोंडावर हात दाबला. तो हात खाली आला तेव्हा आई हसत होती, की रडत होती. दोन्ही डोळ्यांनी बघूनही तिला ते कळलं नाही.

जनावरांची डॉक्टर उंच, थकलेली बाई होती; बाहीला कुणाचे तरी पांढरे केस चिकटलेले.

"आमची मुलगी आहे ही," बाबा म्हणाले.

डॉक्टरीण थांबली. दोघांची तोंडं आळीपाळीनं बघितली. हसली मात्र नाही.

"वय?"

"पंधरा पूर्ण."

"शेळी म्हणून दीड वर्षाची वाटते." तिनं खूर उचलून पाहिले, पोटाला कान लावला, ओठ वर केला.

"वरचे दात पडलेत हो तिचे," आई कळवळून म्हणाली.

"यांना नसतातच तिथे." डॉक्टरीण हात धुवायला वळली. "माणूस कसं करायचं ते मला येत नाही, खोटं कशाला सांगू. मला जनावरं कळतात. जनावर निरोगी आहे. सुधारण्यासारखं काही नाही."

ती टेबलावर तशीच उभी राहिली. दातांचे, डोळ्यांचे, हाडांचे — इतक्या डॉक्टरांपुढे उभी राहिली होती ती, आणि असं आजवर एकानंही म्हटलं नव्हतं. कान ताठ झाले, आपोआप.

"शिंगं तरी काढता येतील?" बाबांनी विचारलं.

"येतील. दुखेल, रक्त येईल. पण का काढायची?"

"दिसतं कसं ते…" बाबांचा हात पुढे आला. डावं शिंग उजव्यापेक्षा जरासं बाहेर झुकलेलं होतं, ते त्यांना पहिल्या नजरेतच दिसलं असणार.

तिनं मान खाली घातली. ठरवून, नीट अंतर मोजून, तिनं त्या हाताच्या तळव्यावर टक्कर दिली. जोरात नाही, पण चुकूनही नाही. बाबा दोन पावलं मागे हटले. तळवा दुसऱ्या हातात धरून ते तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती आत्ता कुठे खोलीत आली होती.

"शिंगं राहतील," आई म्हणाली. काच देताना बाबांशी कधी वर मान करून न बोललेली आई. "हात लावायचा नाही कुणी."

"अगं, पण ती परत—"

"परत आली तर येईल. नाही आली तर अशी राहील. तिला विचारा ना. समोर उभी आहे."

बाबांनी विचारलं नाही. पण त्यांनी तोंड उघडलं होतं आणि शब्द जुळत नव्हते. तिच्याशी बोलताना त्यांचे शब्द अडलेले तिनं कधी बघितले नव्हते.

परतताना दुपार तापली होती. पुलाच्या उतारावर कमरेइतका दगडी कठडा होता, आणि काही ठरवायच्या आत ती त्यावर चढली. खाली दगडगोटे आणि पाण्याची बारीक धार. पाय एकदाही डगमगले नाहीत. आईला हाक मारावी असं फार वाटलं, घशातून नुसतं बें बें आलं, आणि तो शब्द कदाचित कायमचा गेला.  रात्री झोपताना आईशी मारलेल्या गप्पा, वह्या, मैत्रीण, कुलूप लावलेला खण… सगळं आठवत होतं, आणि त्याच वेळी कठड्याच्या फटीत उगवलेल्या गवताचा वास इतका हिरवा, इतका जवळ.

"उतर, पडशील!" बाबा ओरडले.

"हळू बोला," आई म्हणाली.

उतरेन. कदाचित. तिनं गवत तोडलं, चावायला लागली, आणि ती दोघं खाली वाट बघत उभी असताना, उतरायचं की नाही याचा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच अगदी सावकाश विचार सुरू केला.