डावा हात

वरद उभा राहिला आणि पूर्णिमानं फळ्याकडे तोंड फिरवलं. चाळीस हात वर होते, त्यांतून साहेबांना नेमका वरदच कसा सापडला? त्याचा तर डावा हात वर होता.

वर्गातली ही सोय तिचीच, म्हणजे खरं तर कोडोलीच्या तिच्या गुरुजींची. तपासणी असली की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. वर्ग हुशार दिसतो आणि बाई उजवा हात बघून उठवतात. पण आज बाईंना विचारतोय कोण? मागच्या बाकावर वही उघडून बसलेले, तपासणीला आलेले माणगावे साहेब स्वतःच प्रश्न विचारायला लागले होते. मुरगूडच्या या शाळेत सहा वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबल्यावर ती कायम होणार की घरी बसणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

फळ्यावर एकच इंग्रजी शब्द होता, लॉफ्टी. म्हणजे खूप उंच. डोंगराला म्हणावं, मनोऱ्याला म्हणावं. माणसाच्या उंचीला मात्र टॉल. काल तिनं हे दोनदा घोकून घेतलं होतं.

"कर बघू वाक्य," साहेब म्हणाले.

"माय अंकल इज लॉफ्टी."

वरदचा काका खरोखरच सहा फूट होता, पण त्याचा काय उपयोग! वहीत फुली पडली. मग मैथिली उठली, तीही डावीच. तिनं लॉफ्टी म्हणजे लय वजनदार असं ठणकावून सांगितलं. तिसरा अभिराम छताकडे बघत राहिला. पहिल्या बाकावर स्नेहलचा उजवा हात दुखून वाकला होता, तिच्याकडे तीन वाक्यं तयार होती. साहेबांचं तिकडे लक्षच नाही. बरं, माणूस दुष्टही वाटत नव्हता. प्रत्येकाला हसून, मान डोलावून उठवत होता. पूर्णिमाला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

"साखर कारखान्याची चिमणी हाय," साहेबांनी नवा प्रश्न काढला. "तिला लॉफ्टी म्हणलं तर चालंल का?"

उत्तर कुणालाच येत नव्हतं आणि डावा हात दिसला की साहेब उठवतात हे पोरांनी ओळखलं होतं, त्यामुळे या वेळी एकही हात वर झाला नाही. साहेब तिच्याकडे वळले.

"बाई, तुम्ही सांगा."

पुस्तकात डोंगर होता, मनोरा होता, चिमणी नव्हती. तिला येत नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं, असं एकदा मनात आलं. कोण उघडून बघतंय शब्दकोश? पण सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता. येत नसलं तर लाजायचं नाही, असं तिनंच त्यांना काल बजावलं होतं. खडू उजव्या हातात घट्ट धरून तिनं डावा हात वर केला.

साहेबांचा चेहरा खुलला.

"येतंय की तुम्हाला. मग सांगा."

"न्हाय साहेब." तिनं हात तसाच वर ठेवला. "आमच्यात डावा म्हंजे येत न्हाय."

साहेबांनी वहीतल्या तीन फुल्यांवरून बोट फिरवलं. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"आमच्या शाळेत उलटं हुतं," ते म्हणाले. "डावा म्हंजे येतंय. म्हणून मी हुडकून हुडकून डावी पोरं उठवली. म्हणलं, बाईंचा वर्ग चांगला दिसू दे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी फुल्या खोडल्या आणि स्नेहलला उठवलं. तिनं तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. मग वरदलाही पुन्हा विचारलं, या वेळी त्यानं काकाला टॉल केलं. साहेब बराच वेळ लिहीत होते. काय लिहिलंय ते बघायचा पूर्णिमाला धीर झाला नाही.

साहेब दाराशी पोचल्यावर तिला राहवलं नाही.

"साहेब, चिमणीचं राहिलं. तुम्हीच सांगून जावा."

माणगावे साहेब थांबले. "मग तुमच्याच रीतीनं सांगतो," म्हणत त्यांनी वर्गाकडे एकदा बघितलं, वही उजव्या काखेत मारली आणि डावा हात वर केला.