वालाला हवी रात्र

"भावजी, यंदा नुसती पानंच खायाची का?" गोदावहिनींनी वालाचा वेल उचलून कोंडाजींच्या तोंडासमोर धरला. "शेजारचा विलास इचारतो, पालेभाजी लावलीस का गं?"

पळसदरीच्या त्या पॉलीहाऊसमध्ये वेल छताला टेकले होते. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी फुलाचा पत्ता नव्हता. शनिवार-रविवारी फिरायला येणारे पाहुणे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, मागतात, म्हणून वहिनींनी घरच्या बियाण्याचा वाल इथे लावला होता. नवरा गेल्यानंतरचे, एकटीच्या जिवावरचे हे पहिलेच पीक.

कोंडाजींचा सारा जन्म कर्जतला बियाण्यांच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक रोग सांगे, हे पुडी देत, आणि घरी गेल्यावर जिवाला लागे, चुकलं तर नाही?

"युरिया जास्त झाला असंल," ते पुटपुटले.

"दाणा टाकला नाय."

"मंग पानी..."

"दुकानात पन असंच करायचा का वो? ह्ये नाय तर त्ये?"

'हो' म्हणायचे तेवढे त्यांनी टाळले. मान खाली घालून ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि थबकले. पाण्याच्या टाकीआडच्या दोन-चार वेलांना पांढरे तुरे आले होते. फक्त त्यांनाच. माती तीच, पाणी तेच. त्यांनी वर पाहिले. टाकीच्या पलीकडे, बाहेर बांधावरच्या खांबाला दिवा होता.

त्यांना कळले, आणि कळले नसते तर बरे, असे वाटले. त्यांचा चुलतभाऊ रोहिदास, म्हणजे वहिनींचा नवरा, खालापूरला टोलनाक्याजवळच्या हॉटेलात कामाला होता. शेवटच्या गाडीतून उतरून बांधावरून यायचा, म्हणून वहिनींनी तो दिवा बसवून घेतला होता. त्याला जाऊन वर्ष झाले. दिवा अजून रात्रभर जळत होता.

"इचारतो कुनाला तरी," म्हणून कोंडाजी निघाले. फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली, मागे आले.

"वहिनी, वालाला फुलाया लांब, काळोखी रात लागते. आपला दिवा त्याला रात होऊच देत नाय. माझं चुकत पन असंल."

वहिनी खांबाकडे बघत राहिल्या. "ह्यांचा दिवा हाय तो."

"हाय ना. म्हनून तर निघालो व्हतो."

त्या वळून घरात गेल्या. रागावल्या, असे कोंडाजी धरून चालले. तेवढ्यात त्या तेलाचा रिकामा डबा घेऊन बाहेर आल्या.

"ह्यो उभा कापा. दिवा इजवायचा नाय. शेडकडनं पत्रा लावू, वाटंवर पडंल येवढाच ठेवू. शिडी मी धरते. पडू नका म्हंजे झालं, मला दुसरा दीर नाय."

माघात अंगणात पोपटीचे मडके उपडे लागले. भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाच्या गरम शेंगा वहिनींनी त्यांच्या ओंजळीत ओतल्या.

"चुकलं नाय तुमचं, भावजी."

"मीठ जरा..."

"गप खावा!"

निघताना अंधार पडला होता. कोंडाजींनी सवयीने बॅटरी काढली, आणि परत खिशात ठेवली. मागे शेड गडद काळोखात निजली होती. पुढे बांध मात्र गवताची काडी न् काडी दिसावी इतका उजळला होता, आणि रिकामा होता. जन्मभर कडेकडेने चालणारे कोंडाजी त्यावरून सावकाश, मधोमध चालत गेले.